मांदूस, करंडा आणि लाकडाचं पोट

मंडळी, पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. देवघरात, कपाटात किंवा आईच्या जुन्या बॅगेत कुंकवाचा लाकडी करंडा असेल तर तो हातात घ्या. झाकण काढा, कुंकू जरा बाजूला सारा आणि आतल्या तळाकडे नीट बघा. तिथे लांब रेघा दिसतात, की बारीक ठिपके आणि पुसट वर्तुळं? ठिपके दिसत असतील तर तुम्ही आत्ता झाडाच्या खोडात वरून वाकून बघताय असं समजा.

आमच्या घरातला करंडा सावंतवाडीचा आहे. मी पहिल्यांदा मस्कतला निघालो तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं, पण आईने ऐन पावसाळ्यात बाजारातून आणून तो माझ्या बॅगेत घातला. "सून आली की लागेल," एवढंच म्हणाली. सून आली, करंडा रुवीच्या फ्लॅटमध्ये मांडला गेला आणि पहिल्याच वर्षी झाकण बसेनासं झालं. बायकोने खटपट करून शोधून काढलं की झाकण फिरवत गेलं तर एका जागी ते अलगद आत जातं. तिने झाकणावर आणि खालच्या अंगावर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला. ठिपक्याला ठिपका जुळवायचा, झाकण लावायचं. वीस-बावीस वर्षं आम्ही हे करत आलो आणि त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कुणाला वाटलं नाही.

विचारलं ते मुलीने. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाची तयारी करताना तिने विचारलं, "बाबा, गोल वस्तूला दिशा कशी काय असते?"

मला उत्तर येत नव्हतं. ते शोधता शोधता मी आधी एका जुन्या लेथपाशी आणि मग इतिहासात जाऊन पोचलो. हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे. जरा लांबलंय खरं.

पोकळ वस्तू लाकडातून करायची तर माणसाला दोन वाटा सापडल्या. एक सुताराची. फळ्या कापा, सांधे करा, खिळे ठोका, पेटी तयार. दुसरी वाट कातारी लोकांची. अख्खा ठोकळा घ्या, तो फिरवत ठेवा आणि आतलं लाकूड काढून टाका. पहिल्या वाटेचा सगळ्यात देखणा नमुना तुम्ही मत्राच्या सूकमध्ये पाहिलेला आहे. पितळी खिळ्यांची नक्षी मारलेला, खाली कधी कधी छोटे खण असलेला तो मोठा पेटारा. ओमानी लोक त्याला मंदूस म्हणतात. नवरीचे कपडे, दागिने, कागदपत्रं, सगळं त्यात. आता गंमत बघा. जुन्या मराठीत पेटीला शब्द आहे मांदूस. तो संस्कृत मंजूषेवरून आला. आज आपण तो विसरलोय, पण संतकवींच्या वाचकाला तो परका नव्हता. आखातात आणि पूर्व आफ्रिकेत मिळणाऱ्या जुन्या पेटाऱ्यांपैकी कितीतरी सुरत-मुंबईकडे बनून जहाजाने गेलेले आहेत आणि अभ्यासक आजही त्यांच्या घडणीवरून हा सुरती, हा मुंबईचा असं ओळखतात. पेटी गेली तेव्हा नावही गेलं का, हे मी भाषातज्ज्ञांवर सोडतो. मला मात्र मत्रामध्ये कुणी "मंदूस" म्हटलं की हल्ली हसू येतं.

दुसऱ्या वाटेचा नमुना म्हणजे करंडा. या शब्दाचा प्रवास तर आणखी लांबचा. संस्कृतात करण्ड म्हणजे मुळात वेताची-बांबूची टोपली, आणि मग कुठलीही झाकणाची डबी. आपली करंडी त्यातूनच आली. रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक हेही त्याचेच नातेवाईक. मुलांनो, तुमच्या शाळेच्या ट्रॉफीला मराठीत "टोपली" म्हणतात असं वाटलं तर ते फारसं चुकीचं नाही.

आणि आता सोपाऱ्याला चला. मुंबईत लोकलने विरारकडे गेला असाल तर नालासोपारा स्टेशन तुम्हाला माहीत असेल. दोन हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर होतं. तिथे एका टेकाडाला गावकरी "बुरुड राजाचा कोट" म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत निघाला एक बौद्ध स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती, तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. हा सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. बुरुड म्हणजे टोपल्या विणणारा. ज्या टेकाडाला टोपलीवाल्याचं नाव, त्याच्या पोटात एकात एक घातलेले करंडक! इतिहास कधी कधी आपल्यापेक्षा जास्त खोडकर असतो.

सांची आणि आसपासच्या स्तूपांतून जे मऊ दगडाचे धातुकरंडक निघाले, त्यातले कितीतरी लेथवर फिरवून केलेले आहेत. म्हणजे इसवी सनाच्या आधी आपल्याकडे ठोकळा फिरवून त्याचं पोट कोरणारे, त्यावर घट्ट बसणारं झाकण करणारे हात होते. दगडाला तंतू नसतात, त्यामुळे त्याचं काम एका अर्थी सोपं. लाकूड लबाड. लाकडाचे त्या काळचे करंडे उरले नाहीत, कारण आपल्या हवेत लाकूड उरत नाही. पण हे काम आधी लाकडावर शिकून मग दगडावर नेलं गेलं असणार, असा माझा अंदाज आहे, आणि एकदा लेथपाशी उभं राहिलं की तुमचाही होईल.

लेथ हे यंत्र फार जुनं. त्याचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात कोरलेलं आहे, साधारण इसवी सनपूर्व ३०० चं. त्यात दोन माणसं आहेत. एक दोरी ओढतोय, दुसरा हत्यार धरून लाकूड कापतोय. आपल्याकडचे कातारी शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत अगदी तसेच बसत. लाकडाला दोरीचा वेढा, दोरीची दोन टोकं मदतनिसाच्या हातात, तो एकदा हे टोक ओढणार, एकदा ते. लाकूड पुढे फिरतं, मागे फिरतं. पुढे फिरतं तेव्हाच हत्यार लावायचं, मागे फिरताना किंचित उचलायचं. अर्धं काम कापण्याचं, अर्धं काम थांबण्याचं. सूरच्या गोदीत धो बांधणारे जुने सुतार खिळ्यांसाठी भोकं पाडायला जे धनुष्याचं गिरमिट वापरत आणि आपल्याकडचे सुतार ज्याला सामता म्हणत, ते याच कुटुंबातलं. तिथे दोरी टोकदार सळई फिरवते, इथे लाकूडच फिरवते, एवढाच फरक.

या धंद्याने मराठीला एक फार सुंदर शब्द दिलाय आणि आपण तो रोज वापरतो. कातीव. कातीव देह, कातीव चेहरा, कातीव खांब. कातणं म्हणजे सूत कातणं तसं लाकूडही कातणं. कुणाचं नाक कातीव आहे असं लिहिणाऱ्या लेखकाने लेथ पाहिलेला असेलच असं नाही, पण भाषेने पाहिलेला आहे.

सावंतवाडीत हे काम चितारी लोकांनी टिकवलं. चितार आळी अजून आहे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर लाखेचे रंग, लाकडी फळं-भाज्या, भोवरे, पाळण्यावर टांगायची खेळणी, करंडे. लाखेचं काम बघण्यासारखं असतं. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर नुसती दाबून धरतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश नाही, वेगळी आच नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला आणि तिथले गोल गंजिफा दोन्ही विझायला आले होते. १९७० च्या दशकात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून कामाला लावलं आणि राणीसाहेब स्वतः ते शिकल्या. आज राजवाड्याच्या दालनात जाऊन तुम्ही कारागिरांना रंगवताना बघू शकता. पुढच्या सुट्टीत गोव्याला उतरलात तर तिथून सावंतवाडी फार लांब नाही.

आता माझ्या लेथकडे येतो.

जुना लेथ मिळाला तो एका मायदेशी परतणाऱ्या माणसाकडून. आखातात चांगल्या वस्तू अशाच मिळतात, कुणीतरी जात असतं म्हणून. लाकूड मिळालं ते ऑक्टोबर २०२१ च्या शाहीन वादळानंतर. बातिनाच्या किनाऱ्यावर एका ओळखीच्या ओमानी गृहस्थांच्या शेतावर मोठा कडुनिंब आडवा झाला होता. त्याची बरीच लाकडं जळणात गेली होती, मी चार ओंडके गाडीत घालून आणले. पोळपाट जमला. लाटणं तर पहिल्याच दिवशी जमलं, आणि मला वाटलं, यात आहे काय!

मग करंडा करायला घेतला आणि अक्कल आली.

तुम्हाला नीट कळावं म्हणून एक कल्पना करा. खोड म्हणजे उसाची घट्ट बांधलेली मोळी. प्रत्येक ऊस म्हणजे लाकडाचा एक तंतू. लाटणं करताना तुम्ही मोळी आडवी धरून बाहेरून सोलता. तंतू लांबीने पडलेले असतात, हत्यार त्यांच्यावरून घसरत जातं, लांब रेशमी साल निघते. करंड्यासाठी मोळीचं एक टोक लेथच्या चकात पकडायचं आणि दुसरं टोक तुमच्या तोंडासमोर. आता कापायची आहेत ती उसांची तोंडं, एकेक, आणि तीही आत आत जाऊन. बाजूने सोलता येणारं लाकूड तोंडाकडून कठीण लागतं. खाटकाचा ठोकळा याच कारणाने खोडाच्या आडव्या कापाचा असतो. आपलं उखळही खोड उभं ठेवून कोरलेलं, आणि इकडे हरीसचा गहू कांडायचं लाकडी उखळही तसंच. मुसळाचे घाव तंतूंच्या तोंडावर पडतात, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. जे लाकूड मुसळाला दाद देत नाही ते माझ्या पटाशीला काय देणार?

मी व्हिडिओ बघितले, चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा चढवला, पटाशी घेतली आणि करंड्याच्या काठापासून मध्याकडे कापत निघालो. वाडगा करताना तसंच करतात, म्हणून. हत्यार आत खेचलं गेलं, ठोकळा चकातून सुटला आणि गॅरेजच्या दारावर आपटला. दारावरचा तो खळगा अजून आहे. दुसरा ठोकळा सुटला नाही, पण आतली भिंत मांजराने ओरबाडल्यासारखी झाली. तिसरा कडेने फुटला.

शेवटी वादी कबीरच्या औद्योगिक वसाहतीत एका फर्निचरच्या दुकानात गेलो. तिथे पलंगांचे पाय करणारा एक वयस्क मिस्त्री होता, मूळचा संखेड्याकडचा. गुजरातमधलं संखेडा लाखकामाच्या लेथवरच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे आणि तिकडे या कारागिरांना खरादी म्हणतात. त्याने माझा ओरबाडलेला करंडा आत बोट फिरवून पाहिला आणि म्हणाला, "अंदर से बाहर आओ, साहब. बाहर से अंदर तो चोर जाता है."

एवढंच. पण त्यात सगळं होतं.

परत उसाच्या मोळीकडे या. करंड्याचं पोट वाटीसारखं आहे, मध्ये खोल, काठाकडे उथळ. म्हणजे मध्यातले ऊस आखूड कापलेले आणि काठाकडचे उंच. मध्यापासून काठाकडे कापत आलात तर ज्या तंतूवर हत्यार आहे त्याच्या पाठीशी त्याच्याहून उंच शेजारी उभा असतो. तंतूला टेकायला जागा असते, तो स्वच्छ कापला जातो. काठाकडून मध्याकडे गेलात तर पुढचा शेजारी बुटका. तंतूला आधार नाही, तो वाकतो, उपटला जातो. माझी ओरबाडलेली भिंत म्हणजे असे हजारो निराधार तंतू. वाडग्याचं लाकूड चकात आडवं बसवलेलं असतं, त्याचे तंतू दुसऱ्या दिशेने धावतात, म्हणून तिथे नियम उलटा. मी एका घरचे रीतिरिवाज दुसऱ्या घरात चालवायला गेलो होतो.

मिस्त्रीने करून दाखवलं. आधी मधोमध गिरमिटासारखं खोलीपर्यंत भोक, म्हणजे किती खोल जायचं हा प्रश्न तिथेच संपला. मग गोल पटाशी जवळजवळ कुशीवर झोपवून तिचं टोक त्या भोकात, आणि मूठ हळूच आपल्या अंगाकडे ओढत टोक बाहेरच्या काठाकडे आणायचं. पटाशीची मूठ त्याने काखेत धरली होती. हात हलतच नव्हते, हलत होतं ते कंबरेवरचं शरीर. भुसा उडत नव्हता, बारीक कुरळ्या निघत होत्या. आवाज बदलला की तो थांबायचा. मी विचारलं, भिंत किती पातळ झाली हे कसं कळतं? त्याने उत्तर दिलं नाही, माझं बोट धरून फिरत्या करंड्याच्या बाहेरच्या अंगाला किंचित टेकवलं. जाड लाकूड गप्प असतं, पातळ व्हायला लागलं की बोटाखाली थरथरतं. (हे त्याच्या देखरेखीखाली होतं. तुम्ही घरी करू नका.)

रशियन बाहुलीत बाहुली तुम्ही लहानपणी खेळला असाल. मात्र्योश्का. १८९० च्या दशकात मॉस्कोत पहिली झाली, वासिली झ्व्योज्दोच्किन नावाच्या कारागिराने लेथवर फिरवली आणि सेर्गेई माल्युतिन या चित्रकाराने रंगवली. तीही अशीच, उभ्या तंतूच्या लाकडाची, तोंडाकडून पोकळ केलेली. सगळ्यात आतली, न उघडणारी, तीच आधी करतात. तिथेही आतूनच बाहेर.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात ओमान कुठे आहे? ओमानमध्ये मोठं इमारती लाकूड जवळजवळ नाही. खजूर आहे, बोर आहे, घाफ आहे, पण जहाज बांधावं किंवा मोठं पोट कोरावं असं लाकूड समुद्रापलीकडून यायचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या "पेरिप्लस" या पुस्तिकेत भडोचहून ओम्मना बंदराकडे मोठी जहाजं जात असल्याची नोंद आहे. माल काय, तर तांबं, सागाच्या तुळया आणि शिसवीच्या कुळातल्या लाकडाचे व आबनुसाचे ओंडके. ओम्मना नेमकं आखाताच्या कुठल्या बाजूला, यावर विद्वान अजून भांडतात, पण नावातला ओमान ऐकू येतोच. त्याच पुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरंही आहेत. मला त्यातला "ओंडके" हा शब्द आवडतो. तुळई चौकोनी होऊन येते, ती सुताराकडे जाते. ओंडका गोल येतो, म्हणजे त्याचं पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नसतं.

दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-सिराफी याने तर ओमानी लोकांची एक झकास हकीकत लिहून ठेवलीय. ते आपली सुतारी हत्यारं घेऊन नारळाच्या बेटांवर जात, तिथेच माड तोडत, त्याच्या फळ्यांचं जहाज, त्याच्याच काथ्याने शिवलेलं, त्याचंच शीड, आणि त्यातच नारळ भरून ओमानला परत. एका झाडावर अख्खी सफर! पुढे सय्यद सईद बिन सुलतानच्या काळात उलटा प्रकार झाला, जहाजंच मुंबईत बांधून घेतली गेली. "सुलताना" हे जहाज १८३३ साली माझगावला बांधलं गेलं आणि ३० एप्रिल १८४० ला ते न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं. अमेरिकेला गेलेलं अरबांचं ते पहिलं व्यापारी-राजनैतिक जहाज, लाकूड मात्र आपल्याकडचं. अल बुस्तानच्या चौकातलं "सोहार" तुम्ही शंभर वेळा ओलांडलं असेल. टिम सेव्हरिनने ते सूरमध्ये शिवून बांधून घेतलं आणि नोव्हेंबर १९८० मध्ये त्यातून चीनला निघाला. तेही मलबारच्या लाकडाचं.

एकसंध खोडातून कोरलेलं पोट इथे सगळ्यात जास्त ऐकू येतं ते मात्र ढोलात. रझ्हाच्या नाचात दोन ढोल असतात, मोठा खर्जातला रहमानी आणि छोटा, चढ्या आवाजाचा कासिर. आपल्या गणेशोत्सवात आपण ढोलकी आणि तबला वाजवतो. फळ्या जोडूनही ढोल होतो, पण चांगल्या तबल्याचं खोड अजूनही एकाच ओंडक्याचं, शिसव नाहीतर खैराचं, आणि तोंडाकडून कोरलेलं. गंमत म्हणजे ते पूर्ण पोकळ नसतं. वरून साधारण निम्म्यापर्यंत कोरतात, खाली भरीव ठेवतात, म्हणून तो जागचा हलत नाही. "बडा घर पोकळ वासा" ही म्हण तबल्याला लागू नाही. खोडाचा मधला गर, म्हणजे जिथून लाकूड हमखास तडकतं तो भाग, कोरण्यातच निघून जातो. पोट पोकळ केल्याने ते टिकाऊ होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

लाकूड वाळतं तेव्हा ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही, शेकडा अर्धा टक्काही नाही. आडव्या दिशेने मात्र बरंच, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या बाजूने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे. करंडा पडझडीत लाकडाचा, आडव्या तंतूंचा केला असता तर एका बाजूला मुळीच नाही आणि दुसऱ्या बाजूला भरपूर, असा तो चक्क अंडाकृती झाला असता. झाकण कधीच बसलं नसतं. म्हणून जुन्या कारागिरांनी कठीण असूनही तोंडाकडून कोरायची वाट धरली. त्यात दोन्ही आडव्या दिशाच असतात, फरक थोडाच उरतो. थोडा, पण उरतो. आमचा करंडा कोकणच्या पावसात फिरवलेला, दमट, नेमका गोल. मस्कतच्या एसीत आला आणि कळेल न कळेल इतका लंबगोल झाला. झाकण आणि अंग एकाच काठीचे दोन तुकडे, त्यामुळे दोघेही एकाच बाजूने लंबगोल झाले. कारागिराच्या हातात असताना त्यांचे तंतू जसे जुळलेले होते तसे ते परत जुळले की झाकण बसतं. तेवढ्याच एका जागी.

"म्हणजे आईने लावलेला ठिपका ही झाडाची खूण आहे," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि नेलपॉलिशची.

आता ती शनिवारी येते आणि लेथवर उभी राहते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिला पटाशी काखेत धरायला सांगावं लागलं नाही, आपोआप धरली. कडुनिंबाच्या शेवटच्या ओंडक्यातून आम्ही दोन करंडे काढलेत, एकाशेजारी एक, त्याच लाकडाचे. ओलं लाकूड एकदम पातळ कोरलं तर तडकतं, म्हणून आधी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवून कोरले आणि भुशात पुरून ठेवले. तोंडाच्या कापाला मेण लावलं. लाकडाचं पाणी सगळ्यात भराभर तिथूनच जातं, आणि गावाकडे ओंडक्यांच्या टोकांना शेणमाती लिंपत ती त्याचसाठी. सहा महिन्यांनी काढून शेवटचा हात फिरवला. लाखेऐवजी साधं तेल लावलं.

माझा इथला मुक्काम मार्चपर्यंतचा आहे. लेथ मुलीकडे राहणार. एक करंडा आमच्याबरोबर कुडाळला जाईल, दुसरा तिच्या घरी, रुवीला. आत्ता दोन्हींची झाकणं कशीही फिरवली तरी बसतात. कुडाळचा पावसात फुगेल, रुवीचा एसीत आक्रसेल. ठिपके अजून लावलेले नाहीत. नेलपॉलिशची बाटली दोघींनी एकेक घेऊन ठेवलीय.